राणीचे हसू आणि राजाचे व्याकरण

व्याकरण हा विषय मुलांना नकोसा वाटतो ही तक्रार घरोघरी आहे. पाचवी-सहावीपर्यंत गोष्टी-कविता आवडीने वाचणारे मूल संधी, समास, विभक्ती, प्रयोग ही नावे आली की पुस्तकापासून दूर सरकते. त्यावर हल्ली उपायही पुष्कळ निघाले आहेत. पत्ते, कोडी, सापशिडी, चित्रे घेऊन व्याकरण शिकवा, असे शिक्षकांना सांगतात. हे सारे ऐकून कित्येक वडीलधारी माणसे नाक मुरडतात. आमच्या वेळी हे लाड नव्हते, छडी होती आणि पाठांतर होते, असे त्यांचे म्हणणे. परंतु व्याकरण सोपे करावे, ते हसतखेळत यावे, ही हौस आजची नव्हे. तिची एक जुनी आणि गोड कथा आपल्या शहरापासून पन्नास किलोमीटरांवर, गोदाकाठच्या पैठणची आहे. ती आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असते, म्हणून आधी तीच सांगते.

पैठणचे जुने नाव प्रतिष्ठान. तेथे सातवाहन राजा राज्य करीत होता. वसंत ऋतूत एके दिवशी तो राण्यांसह उद्यानातील जलाशयात उतरला. एकमेकांवर पाणी उडविण्याचा खेळ रंगला. त्यांतील एक राणी पाण्याच्या माऱ्याने दमून गेली आणि राजाला संस्कृतात म्हणाली की, महाराज, आता मला पाण्याने मारू नका. तिच्या बोलण्यातला पहिला शब्द होता ‘मोदकैः’. राजाला वाटले, राणीला मोदक हवे आहेत! त्याने सेवकांना हुकूम सोडला आणि मोदकांची ताटेच्या ताटे तळ्याच्या काठी येऊन पोचली. राणीला हसू आवरेना. ती म्हणाली, अहो, पाण्यात मोदकांचे काय काम? मी ‘मा’ आणि ‘उदकैः’ असे दोन शब्द जोडून म्हटले. तुम्हाला संधीही कळत नाही आणि प्रकरणही कळत नाही!

मा म्हणजे नको, उदकैः म्हणजे पाण्याने. आ आणि उ जवळ आले की त्यांचा ओ होतो, म्हणून ‘मोदकैः’. हाच नियम आपण रोज वापरतो. गंगा आणि उदक मिळून गंगोदक, महा आणि उत्सव मिळून महोत्सव. आपल्या देवघरातल्या गंगोदकात जो संधी आहे, नेमक्या त्याच संधीवर सातवाहन राजा अडला. राणीने दुसरा शब्द वापरला ‘प्रकरण’. त्याचा अर्थ पुस्तकातला धडा असा होतो, तसा चालू प्रसंग असाही होतो. मला तर दुसराच अर्थ अधिक भावतो. संधी येत नसला तरी, गळ्यापर्यंत पाण्यात उभी असलेली बाई लाडू कशाला मागेल, एवढा विचार राजाने केला असता तरी निभावले असते.

इतर राण्या हसल्या, दासी हसल्या. राजा मात्र ओशाळला. महालात जाऊन निजून राहिला, अन्नपाणी घेईना, कोणाशी बोलेना. राजाच्या पदरी शर्ववर्मा आणि गुणाढ्य असे दोन विद्वान होते. ते भेटीस गेले तेव्हा राजाने एवढेच विचारले की, मन लावून अभ्यास केला तर माणसाला विद्या किती दिवसांत येते? गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, पण मी आपल्याला सहा वर्षांत शिकवीन. शर्ववर्मा म्हणाला, सुखात वाढलेल्या माणसाला इतके कष्ट कसे सोसतील? मी सहा महिन्यांत शिकवितो. झाले! दोघांची पैज लागली. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, असे गुणाढ्य बोलून गेला. आणि न शिकविले तर बारा वर्षे तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन, असे शर्ववर्मा म्हणाला.

पैज लावली खरी, पण घरी आल्यावर शर्ववर्म्याच्या पोटात गोळा आला. त्याने बायकोला सारे सांगितले. ती म्हणाली, अशा वेळी कार्तिकस्वामीवाचून दुसरा आधार नाही. मग त्याने निराहार राहून कार्तिकेयाची आराधना केली. देव प्रसन्न झाला आणि स्वतःच्या मुखाने व्याकरणाचे पहिले सूत्र बोलला. शर्ववर्म्याला धीर धरवला नाही. त्याने पुढचे सूत्र आपणच म्हणून टाकले. देव हसून म्हणाला, तू मध्ये बोलला नसतास तर हे शास्त्र पाणिनीच्या वरचढ झाले असते, आता ते आटोपशीर राहील आणि त्याचे नाव कातंत्र होईल. वर्गात बाई वाक्य पुरे करण्याआधीच हात वर करणारी मुले आपण पाहतो, तो गुण इतका जुना आहे! सहा महिन्यांनी राजा शहाणा झाला, शर्ववर्म्याला मोठे इनाम मिळाले. बिचारा गुणाढ्य मात्र तिन्ही भाषा सोडून मुका होऊन अरण्यात गेला. तेथे तो पैशाची भाषा शिकला आणि तीत त्याने बृहत्कथा लिहिली. ती कथा फार मोठी आहे, ती येथे सांगत नाही.

हे सारे काश्मिरातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात आहे. अकराव्या शतकातला हा ग्रंथ सोमदेवाने तेथील राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचला. म्हणजे एका राणीच्या हसण्याची गोष्ट दुसऱ्या राणीच्या विरंगुळ्यासाठी लिहिली गेली, हे आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत अवश्य नोंदवावे असे मला वाटते.

आता कोणी विचारील, ही गोष्ट झाली, यात इतिहास किती? देवाने सूत्र सांगितले ते सोडा, पण बाकीचे अगदीच हवेत नाही. सातवाहनांची राजधानी पैठण होती, हे खरे. त्यांचे कोरीव लेख प्राकृतात आहेत. नाणेघाटातील लेखात नागनिका राणीची हकीगत आहे, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, आणि दोन्ही प्राकृतातच. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, आणि तीतल्या काही गाथा तर स्त्रियांच्या नावावर सांगतात. ज्या दरबाराची भाषा प्राकृत, तेथल्या राजाला संस्कृत संधी न कळणे यात नवल नाही. नवल आहे ते दुसरेच. संस्कृत नाटके वाचणाऱ्यांना ठाऊक असेल की त्यांत राजा संस्कृत बोलतो, आणि राणी व दासी बहुधा प्राकृत बोलतात. येथे उलटे आहे. बाईला संस्कृत येते आणि राजाला येत नाही.

कातंत्र हा ग्रंथही खरोखरीचा. तो आजही उपलब्ध आहे. बंगालमध्ये आणि काश्मिरात पाठशाळांतून तो शतकानुशतके शिकविला गेला, बौद्ध आणि जैन मंडळींनी तो जवळ केला, त्याची तिबेटी भाषेत भाषांतरे झाली. मध्य आशियातील वाळवंटात जुन्या हस्तलिखितांचे जे तुकडे मिळाले त्यांतही कातंत्राचे तुकडे निघाले. पैठणच्या नावाशी जोडलेले व्याकरण उंटांच्या तांड्यांबरोबर इतके दूर गेले, ते कशामुळे? सोपे होते म्हणून. पाणिनीचे व्याकरण म्हणजे जगाने मान डोलवावी असे शास्त्र, त्यात सुमारे ४००० सूत्रे. परंतु ते नवशिक्यासाठी नव्हे. त्यात स्वरांना ‘अच्’ आणि व्यंजनांना ‘हल्’ म्हणतात, आणि अशा शेकडो खुणा आधी डोक्यात बसवाव्या लागतात. कातंत्राने सरळ स्वर म्हटले, व्यंजन म्हटले. सूत्रे कमी केली. आणि क्रम बदलला. एका विषयाचे सारे नियम एका ठिकाणी आणले, आधी संधी, मग नाम, मग क्रियापद. पाहा, पहिलाच विषय संधी! राजा जेथे अडखळला तेथूनच धडा सुरू. मुलाची चूक कोठे होते ते पाहून तेथून शिकवायला घ्यावे, हे अध्यापनाचे तत्त्व आजचे शिक्षणतज्ज्ञ सांगतात. ते या ग्रंथाच्या मांडणीतच आहे.

आपल्याकडे मुलाच्या शिक्षणाचा ‘ओनामा’ होतो असे म्हणतात. पूर्वी धूळपाटीवर मूल पहिली अक्षरे गिरवी ती ‘ॐ नमः सिद्धम्’ अशी, त्याचा घासून झाला ओनामा. या ‘सिद्धम्’चे नाते काही अभ्यासकांनी कातंत्राच्या पहिल्या सूत्राशी जोडले आहे, कारण त्याचाही पहिला शब्द ‘सिद्ध’ असाच आहे.

सोप्या भाषेचा आग्रह आपल्या भागात पुढेही झाला, आणि तोही बायकांसाठी झाला. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे वास्तव्य पैठणास बराच काळ होते. त्यांनी आपला उपदेश लोकांच्या मराठीत केला. त्यांच्यामागे पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशिराज पंडित मोठे संस्कृतज्ञ. ते संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. असे केलेत तर माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, अशा आशयाचे त्यांचे बोलणे ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आले आहे. पंथातल्या त्या म्हाताऱ्यांचे नाव-गाव आपल्याला ठाऊक नाही, पण त्यांच्यासाठी एका आचार्याने पंडिताची लेखणी अडविली. पुढे याच पंथातील भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिक’ लिहिले. मराठी भाषेच्या व्याकरणाचा पहिला विचार त्यात आहे असे मानतात. स्वामींच्या सूत्रांचा अर्थ नीट लागावा म्हणून तो ग्रंथ झाला.

शाळेतल्या मुलांसाठी मराठी व्याकरण यायला मात्र १८३६ साल उजाडावे लागले. त्याआधी विल्यम कॅरे यांनी १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथून मराठीचे व्याकरण छापले होते, पण ते परक्या लोकांना आपली भाषा यावी म्हणून. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ मुंबईस निघाले. तेव्हा दादोबांचे वय अवघे बावीस! त्यांना पुढे मराठीचे पाणिनी म्हणू लागले. त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकरांनी ‘बालव्याकरण’ लिहिले. नावातच ‘बाल’ आले, याचा अर्थ मुलांसाठी वेगळे लिहावे लागते हे त्या मंडळींना उमगले होते. मोरो केशव दामले यांचे भले थोरले ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. ते विद्वानांसाठी, आपण ते लांबूनच नमस्कार करून ठेवू.

आपल्या शहराची गोष्ट या सर्वांहून निराळी. मुंबई-पुण्याची मुले दादोबांचे व्याकरण घोकत होती तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो. १८८४ साली तेथे फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि सरकारी शाळांत वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होऊ लागले. मराठी बोलणाऱ्या मुलाला घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी. आमचे आजेसासरे त्या काळातले. ते सांगत की नामाला ‘इस्म’ म्हणायचे आणि क्रियापदाला ‘फेल’. पुढे इंग्रजी कानावर आली तेव्हा, वाक्यात फेल नसेल तर मुलगा फेल, अशी थट्टा त्यांच्या वर्गात चाले. १९१५ साली या शहरात सरस्वती भुवन संस्था निघाली आणि मराठी घरांना आपल्या भाषेच्या शिक्षणाचा आधार मिळाला. त्या संस्थेचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

परंतु याच शहरात त्याच काळात एक गृहस्थ राहत होते, त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मौलवी अब्दुल हक. ते येथे शिक्षण खात्यात अधिकारी होते आणि पुढे इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे कार्यालय कित्येक वर्षे त्यांच्यामुळे आपल्या शहरात होते, ते १९३८ साली दिल्लीस गेले. १९१४ साली त्यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ म्हणजे उर्दूचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे की, उर्दू ही याच मातीतली भाषा, तिच्यावर अरबीच्या व्याकरणाचा साचा लादणे योग्य नव्हे. मराठीच्या बाबतीतही हाच वाद झाला आहे. आपल्या शाळेतल्या प्रथमा, द्वितीया, तृतीया या विभक्ती संस्कृतच्या साच्यातून आल्या, आणि मराठीला तो साचा सगळीकडे नीट बसत नाही. ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेलाही आणि चतुर्थीलाही! मुलांनी दोन्हीकडे तेच पाठ करायचे आणि दोन्ही निरनिराळे ओळखायचे. मूल गोंधळले तर दोष त्याचा कसा म्हणावा? असो.

१९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून आपण महाराष्ट्रात आहोत. मराठीत शिकण्याची अडचण संपली. मुलींची अडचण मात्र सर्वांची एकदम संपली नाही. मजसारख्या कित्येकींच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीसाठी तालुक्याला जावे लागे आणि मुलीला एसटीने रोज कोण पाठविणार? व्याकरणाचे पुस्तक ‘प्रयोग’ या धड्यापाशी मिटले ते मिटलेच. आज शहरात आपल्या मंडळात अशा सातवी-आठवीच्या भगिनी कमी नाहीत. मुलांचा गृहपाठ आपल्यापुढे येतो आणि नेमक्या सहावी-सातवीलाच आपला हात थांबतो. एका भगिनीला तर मुलाच्या शाळेत ऐकावे लागले की, आईला येत नसेल तर शिकवणी लावा. शाळेचे नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.

म्हणूनच गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मंडळाच्या खोलीत मुलांचा व्याकरणवर्ग घ्यायचे ठरले. त्यात एक अट घातली, की आयांनी मागे बसायचे आणि खेळायचेही. पहिल्या दिवशी पैठणच्या राजाची गोष्ट सांगितली. मग पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या केल्या. एकीवर ‘महा’, एकीवर ‘ईश’, एकीवर ‘विद्या’, एकीवर ‘आलय’. ज्याची त्याने जोडी शोधायची आणि जोडून मोठ्याने म्हणायचे. एका मुलाने आपल्या वेरूळच्या घृष्णेश्वराच्या नावात ईश्वर लपला आहे हे आपणहून ओळखले. समासाला तर शहरच पुरले. देवगिरी म्हणजे देवांचा गिरी, पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारी चक्की. गुलमंडी आणि औरंगपुरा यांतला कोणता शब्द कोणत्या भाषेतून आला यावर मुलांची चांगलीच जुंपली.

सर्वांत रंग भरला तो प्रयोगाला. स्वयंपाकघरातलीच वाक्ये घेतली. ‘सून भाकरी भाजते’ यात क्रियापद सुनेकडे पाहते. सुनेऐवजी मुलगा आला की ‘भाजतो’ होते. हा कर्तरी. पण ‘सुनेने भाकरी भाजली, सुनेने पापड भाजला, सुनेने वांगे भाजले’ यात सून तीच आणि क्रियापद बदलते, कारण ते भाकरीकडे, पापडाकडे, वांग्याकडे पाहते. हा कर्मणी. एक भगिनी पटकन म्हणाली, अगदी आमच्या घरासारखेच, काम झाले की सगळे पापडाकडे बघतात, भाजणारीकडे कोणी बघत नाही! खोलीत जो हशा पिकला तो पुष्कळ वेळ थांबेना. ‘सुनेने सासूला बोलावले’ यात क्रियापद दोघींकडेही पाहत नाही, तो भावे, हे मग सांगावेही लागले नाही. मराठीचे हे भूतकाळाचे वळण संस्कृतातल्या ‘मया कृतम्’ सारख्या रूपांतून प्राकृताच्या वाटेने आले आहे. म्हणजे माझ्याकडून केले गेले, ते झाले मी केले.

त्या वर्गात सातवीतल्या एका मुलीने एक प्रश्न विचारला. राणीला जर व्याकरण येत होते, तर राजाने तिच्याकडूनच का शिकले नाही? दोन पंडित बोलावले, पैजा लावल्या, देवाला उपास केले, आणि जिला येत होते ती तर घरातच होती! मी ती गोष्ट पुन्हा वाचून पाहिली. जलाशयातून बाहेर आल्यावर त्या राणीकडून राजा काही शिकल्याचे गोष्टीत नाही. शर्ववर्म्याला इनाम मिळाले, गुणाढ्याला अरण्य मिळाले, देवाने पहिले सूत्र सांगितले म्हणून त्याला मान मिळाला. राणीला राजाने सर्व राण्यांहून वरचे स्थान दिले, असे सोमदेवाने लिहिले आहे.

यंदाच्या वर्धापनदिनी मुले हीच गोष्ट नाटुकल्याच्या रूपाने करणार आहेत. त्या मुलीने शेवट बदलून घेतला आहे. तिच्या नाटुकल्यात राजा पंडितांना परत पाठवितो, पाटी घेऊन राणीसमोर बसतो आणि पहिला धडा ‘गंगोदक’ या शब्दाचा घेतो. राणीचे काम तिने स्वतःकडे ठेवले आहे. मोदकांची जबाबदारी कार्यकारिणीच्या भगिनींवर असून, ज्यांना एकवीस करणे शक्य आहे त्यांनी आपली नावे चिटणीसबाईंकडे आधी द्यावीत. उकडीचे की तळणीचे, हा निर्णय अजून व्हायचा आहे.